न दुखणारी टाच

सोमवार, पॉन. ६ ऑगस्ट

ही वही माझ्या पोरीची, असिहची, शाळेतली. मागची अर्धी कोरी होती, म्हटलं वाया कशाला घालवा. आरोग्य केंद्रातल्या पोरीने आज मला दुसरी एक छोटी वही दिली आहे. तिच्यात रोज दोनच गोष्टी लिहायच्या: व्यायाम किती वेळा केला, आणि टाच किती दुखली ते शून्यापासून दहापर्यंत. पोटातलं बाकी सगळं त्या वहीत मावणार नाही, म्हणून ही. वारापुढे आमचा बाजारवारही लिहिते, पाचांपैकी जो असेल तो.

सत्तावीस वर्षं मी पाठीवर टोपली बांधून सोलो शहराच्या गल्ल्यांतून जामू, म्हणजे मुळ्यापानांचा काढा, विकते आहे. हळद-चिंचेचा, तांदूळ आणि केंचुरच्या मुळीचा, कडू वेलीचा. कुणाची कंबर धरली, कुणाचे गुडघे आखडले, तर लोक डॉक्टरच्या आधी मला हाक मारतात. आणि गेले तीन महिने माझीच उजवी टाच मागून धरली आहे! पहाटे पहिलं पाऊल टाकलं की आतून कुणी दोरी ओढल्यासारखं होतं. आल्याचा लेप झाला, गरम मिठाची पुरचुंडी झाली. मालिशवाल्या म्हातारीने शीर सरकली म्हणून अंगठा असा दाबला की दोन दिवस टाच टेकवेना. शेवटी तोंड लपवून आरोग्य केंद्रात गेले.

व्यायामवाली पोर तितिस. असिहपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. मला बू म्हणते, आईला म्हणावं तसं.

“बू, ही शीर नाही,” ती म्हणाली. “पोटरीला टाचेशी बांधणारा दोर आहे. तो दमलाय.”

“मग त्याला झोपवू का?”

“झोपवलात तर आणखी लेचापेचा होईल. त्याला हळूहळू ओझं उचलायला शिकवायचं.”

मला हसूच आलं. ओझ्याने दुखतं म्हणून गेले, तर म्हणे ओझंच औषध. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, तीन मोजेपर्यंत वर, तीन मोजेपर्यंत खाली. पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या, दिवसाआड. चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं पाहिजे. टोपली निम्मीच भरायची. आणि हे सगळं बारा आठवडे!

निघताना म्हणाली, “आकडा खरा लिहा हं, बू. त्या आकड्यावरच मी ओझं वाढवणार.”

बुधवार, क्लिवॉन. ८ ऑगस्ट

मशिदीमागच्या गल्लीत तीन मजली घर बांधतायत. तिथला गवंडी गिमान, मी मानाने पाक गिमान म्हणते, माझं रोजचं गिऱ्हाईक. तोंडाने फटकळ, मनाने बरा; सगळ्यांसारखा मला यू, म्हणजे ताई, म्हणतो. मला गल्लीच्या तोंडाशी बघूनच ओरडला, “काय यू, आज जामूसुद्धा लंगडतोय वाटतं!”

सगळे मजूर हसले. मीही हसले. म्हटलं, “तुझ्या डोळ्यांचा जामू द्यायला हवा. आधी चष्मा लाव.”

पण एक नवा पोऱ्या होता त्यांच्यात, त्याने हात आखडता घेतला. “हिचाच पाय दुखतोय, आपलं काय बरं करणार,” असं शेजारच्याला हळूच म्हणाला. हळू म्हणाला म्हणूनच जास्त लागलं.

उद्यापासून गल्लीच्या तोंडाशी आले की दात आवळून सरळ चालायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवार, वागे. १७ ऑगस्ट

आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाचे खेळ. बायकांच्या रस्सीखेचीत दर वर्षी मी शेवटच्या टोकाला असते, कमरेला दोर गुंडाळून. या वर्षी सांगितलं, पोट बिघडलंय. जामूवालीचं पोट बिघडलंय! टाच दुखते म्हटल्यावर हसल्या असत्या, त्याहून बायका यावर जास्त हसल्या. असिह तिथेच उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, “माक, टाच दुखते म्हणून सांगितलं असतंस तर कुणी खाल्लं असतं का तुला?”

कॉलेजात शिकते, पण धंद्याची गोष्ट तिला कळत नाही.

मंगळवार, पॉन. २१ ऑगस्ट

तितिसच्या वहीत तीन. इथे लिहिते: सहा.

तिने इतक्या आशेने विचारलं, “कसं आहे आता?” आपल्यासाठी कुणी एवढा घाम गाळतं, आणि त्याला तोंडावर सांगायचं की काही उपयोग नाही? बरी रीत नव्हे. म्हटलं, बरंच बरं आहे. ती खूश झाली. लगेच म्हणाली, मग आता हातात पाच किलोची पिशवी घेऊन करा.

म्हणजे माझ्या चांगुलपणाचं वजन पाच किलो.

शनिवार, वागे. १ सप्टेंबर

आज हरले. शाळेच्या फाटकापाशी पाऊल टाकवेना. टोपली उतरवून फतकल मारून बसले. बाटिकच्या कारखान्यातल्या तीन बायका रोज घेतात, त्यांतल्या दोघी म्हणाल्या, आज नको. तिसरीने घेतला, पण डोळ्यांत कीव होती. औषध विकणाऱ्याला कीव परवडत नाही. असे आणखी दोन महिने गेले तर या गल्ल्यांत माझी हाक कुणी ऐकणार नाही. दुसरं काही मला येत नाही, हे मला रडू आलं तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं.

रविवार, क्लिवॉन. २ सप्टेंबर

यू कास्मी आली होती. आमच्याच गावची, मी नवी होते तेव्हा हिनेच मला गल्ल्या दाखवल्या. साठी उलटली तरी गाल कसे गोबरे, चेहरा गोल. मी म्हटलं तसं, तर म्हणाली, “तुलाही होतील. ऐकशील तर.”

पिशवीतून पुड्यांची चळत काढली. पुडीवर उडत्या हरणाचं चित्र. मी आजवर तयार पुड्या टोपलीत ठेवल्या नाहीत. माझं मी कुटते, माझं मी गाळते, याचा मला थोडा ताठाही आहे. तो कास्मीला ठाऊक आहे.

“वाच तरी,” ती म्हणाली. “आलं, मिरी, कडू वेल. सगळं आपलंच. फक्त कुटायचे कष्ट दुसऱ्याचे.”

“मग एवढा गुण कसा येतो?”

“कारखान्यात यंत्राने काढतात सत्त्व.” मग माझं नाव घेऊन म्हणाली, “जिना, न्हाव्याचे केस वाढलेले चालतात, जामूवालीचा पाय दुखलेला चालत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन दिवसांत मला सांग.”

बुधवार, पॉन. ५ सप्टेंबर

शून्य! तितिसच्या वहीतही शून्य आणि इथेही शून्य. दोन्ही वह्यांत एकच आकडा पहिल्यांदाच.

पहाटे उठले, पाऊल टाकलं, आणि काहीच झालं नाही. मी दाराशी उभी राहून पुन्हा टाकलं. नाही. न्हाणीपर्यंत गेले, परत आले. असिहला हलवून उठवलं आणि तिच्यासमोर चवड्यांवर नाचले. ती म्हणाली, “माक, तुला ताप आलाय का?”

म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. माझं हत्तीवर बसून गेलं. पुडीचा गुण असेल थोडा, पण महिनाभर पायरीवर मोजलेले तीन-तीन आकडे कुठे जातील? दोन्ही मिळून झालं असणार.

रविवार, पाहिंग. ९ सप्टेंबर

पाक गिमानची कंबर धरली होती. पाचव्या पोत्याला खाली बसला. त्याच्या पेल्यात कडू वेलीचा रस ओतला, तोंड फिरवून एक पुडी फोडली आणि ढवळली. काय घातलं ते सांगितलं नाही. विचारलंही नाही त्याने. इतकी वर्षं कुणी विचारत नाहीच, पेला धरतात आणि घोटात संपवतात.

शुक्रवार, पाहिंग. १४ सप्टेंबर

गिमान आता मजल्यावर विटा चढवतो. मला बघून बाकीच्यांना म्हणाला, “या बाईच्या हातात जादू आहे रे. माझी सुपी म्हणते, लग्न झालं तेव्हासुद्धा तुम्ही एवढे सरळ उभे राहत नव्हता.” मजुरांनी रांग लावली. सातजण झाले पुडीवाले. तो नवा पोऱ्याही.

माझ्या हाताची जादू नाही, पुडीची आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सगळे इतके खुशीत होते. मिटलं.

तितिसकडे गेले. तिने दोन बोटांत टाचेमागचा दोर धरला, दाबला, पुन्हा दाबला.

“दुखत नाही?”

“नाही.”

“जाडी तर तशीच आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “बू, हा दोर असा एका आठवड्यात शहाणा होत नाही. काही औषध घेताय का? गोळी, इंजेक्शन?”

“माझा जामू घेते. मुळ्यांचा. आयुष्यभर घेते.”

खोटं बोलले नाही. पुडीवर जामूच लिहिलंय. तिने मान हलवली. वहीत शून्यच शून्य बघून तिला करायचं ते केलं: आता एका पायावर, पाठीवर भरलेली टोपली घेऊन.

रविवार, लगी. २३ सप्टेंबर

सगळे म्हणतात, यू, तब्येत सुधारली. गाल भरले. बाटिकवाल्या दोघी परत घ्यायला लागल्या. भूक अशी लागते की सकाळचा भात दोनदा वाढून घेते. झोप तेवढी येत नाही, पण अंगात एवढा जोर आहे की झोपेची गरजच वाटत नाही. दुपारची दुसरी फेरी सुरू केली, नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत. टोपली काठोकाठ.

असिह म्हणते, चेहरा वाफवलेल्या पावासारखा दिसतोय. पोरीला आईचं बरं झालेलं बघवत नाही का? दंडावर दोन निळे डाग आहेत, कुठे आपटले ते आठवत नाही.

गुरुवार, पाहिंग. ४ ऑक्टोबर

पुलाच्या पायऱ्या चढताना टाचेत कर्र झालं. नवीन चपलेचं चामडं वाजतं तसं. थांबले, चाचपलं. दुखलं अजिबात नाही. चपलाच तपासल्या, त्या रबराच्या. मग चालू लागले.

न दुखणाऱ्या गोष्टीचं काय लिहायचं? शून्य.

शुक्रवार, क्लिवॉन. १२ ऑक्टोबर

गल्लीत गेले तर गिमान नाही. कुणी चेष्टाही करेना; मग मजुरांनीच सांगितलं. काल दुपारी त्याने मचाणावरच रक्ताची उलटी केली. काळं, कॉफीच्या गाळासारखं. रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

“काय खाल्लं होतं?” मी विचारलं.

“भात, तळलेलं टेंपे, तुमचा जामू. सगळ्यांनी तेच खाल्लं होतं.”

त्या पोऱ्याने पेला पुढे केला. मी कडू वेलीचा रस ओतला. पुडी टोपलीच्या तळाशी होती, तिथेच राहू दिली. का ते मला सांगता येणार नाही. हात खाली गेलाच नाही.

घरी येताना कास्मीकडे वळले. ती मुळ्या निवडत होती, वरही पाहिलं नाही. “गवंडी आहे तो. विडी ओढतो, उपाशी राहतो. पोट फुटायला पुडीच लागते का? तू काय डॉक्टर आहेस? तोंड बंद ठेव.” मग हळूच म्हणाली, “मी चार वर्षं घेते. मला काय झालं?”

तिचा चेहरा मी आज नीट पाहिला. गाल गोल आहेत. पण हात काठीसारखे बारीक, आणि कातडीखाली सगळीकडे निळे डाग.

सोमवार, पॉन. १५ ऑक्टोबर

तितिसने आज पाय पाहण्याआधी माझा चेहरा पाहिला. बराच वेळ.

“बू, एक विचारू? रागावू नका. पुड्या घेताय का कुठल्या?”

“कसल्या पुड्या?”

ती स्टूल जवळ ओढून बसली आणि सांगू लागली. काही पुड्यांत मुळ्यांच्या नावाखाली डॉक्टरी औषध मिसळतात. तीन दिवसांत दुखणं गप्प होतं. पण गप्प होतं, बरं होत नाही. चेहरा गोल होतो, पोटाला आतून भोक पडतं, आणि टाचेचा दोर विरत जातो. “दुखणं हा पायाचा पहारेकरी आहे, बू. त्यालाच झोपवलं तर मी ओझं चढवत जाणार, तुम्ही उचलत जाणार, आणि एक दिवस दोर तुटणार. तेव्हा आवाज होतो, टाळी वाजल्यासारखा.”

मी म्हटलं, “आणि घेणाऱ्याने लगेच सोडल्या तर?”

“नाही! एकदम सोडायच्या नाहीत. शरीर तसलं औषध थोडं स्वतःही बनवतं, ते बनवणं त्याने बंद केलेलं असतं. एकदम सोडलं तर माणूस गळून जातो, रक्तदाब पडतो, मरूही शकतो. डॉक्टरने हळूहळू उतरवायचं असतं.” मग तिने पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही घेत नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

हे मी लिहून ठेवते. तिने मला दार उघडून दिलं होतं, आणि मी नाही म्हणाले.

मंगळवार, वागे. १६ ऑक्टोबर

फेरीला गेले नाही. टोपली भरलेली तशीच. एक पुडी घेतली, कारण तितिस म्हणाली एकदम सोडायची नाही. म्हणजे आता मी तिचंच ऐकून घेते आहे, तिला न सांगता.

गिमान पाच दिवस इस्पितळात आहे. तिथे त्याला पुडी कोण देणार? त्याची बंद झालीच आहे. एकदम.

आणि डॉक्टरांना ते ठाऊक नाही.

बाकीच्या सहाजणांना मी शुक्रवारपासून दिलेली नाही. मला वाटलं होतं मी चांगलं केलं.

सांगितलं तर? माणूस दगावला तर मी मारला म्हणतील. वाचला तरी या शहरात माझ्या हातून कोण पेला घेईल? असिहचं शिक्षण, घर, माझं नाव, सगळं त्या टोपलीत आहे.

बुधवार, क्लिवॉन. १७ ऑक्टोबर

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून असिहला चहा करायला सांगून बसले आहे.

सकाळी आठच्या सुमारास दारात सुपी उभी. गिमानची बायको. केस विंचरलेले नाहीत, हातात रिकामा थर्मास.

“यू, डोळे उघडत नाहीत ते. रक्त दिलं, तरी दाब वर येत नाही. डॉक्टर म्हणतात, रक्त थांबलंय, मग हे असं का ते कळत नाही.” तिने थर्मास पुढे केला. “काल एकदाच बोलले, यूचा जामू आण म्हणाले. भर ना. नर्स जेवायला गेली की मी चमच्याने घालीन. तुझ्याच जामूने उभे राहिले होते.”

मी थर्मास घेतला आणि आत आले. कडू वेलीचा रस ओतला. हातात पुडी होती. क्षणभर, देवा, मला वाटलं हाच मार्ग आहे. पुडी बंद झाल्याने तो पडलाय, पुडीने उठेल. कुणाला कळायचं नाही. सुपी मला दुवा देईल. मी पुडी फाडली.

आणि मग त्या काळ्या उलटीची आठवण झाली. पोटाला भोक पडलंय त्या माणसाच्या, आणि मी त्यातच पुन्हा ओतणार होते!

फाटलेली पुडी तशीच मुठीत धरून बाहेर आले. “चल,” म्हटलं, “मीही येते.”

“थर्मास?”

“राहू दे.”

रिक्षा मिळेना. इस्पितळ चालत वीस मिनिटांवर. सुपी धावायला लागली आणि मीही चार पावलं धावले, मग तितिसचं बोलणं आठवलं आणि थबकले. सत्तावीस वर्षांत मला पायाची कधी भीती वाटली नव्हती. दुखत होता तेव्हासुद्धा नाही. आज तो अजिबात दुखत नव्हता आणि मी घाबरले. तो आत कुठे उसवलाय हे मला कळायला वाटच नव्हती. रस्त्याच्या मधोमध तुटला असता, तर ती मूठ इस्पितळात कुणी पोचवली असती? मी सुपीचा खांदा धरला आणि पाऊल टेकवून, पुन्हा टेकवून, म्हातारीसारखी चालले. सुपी रडत म्हणत होती, “यू, लवकर, लवकर.” ती पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही.

डॉक्टर तरुण होता, दाढी वाढलेला, झोप न झालेला. मी मूठ उघडली. पुडी घामाने भिजली होती.

“हे मी त्याच्या पेल्यात घालत होते. महिनाभर. रोज. त्याला माहीत नव्हतं.”

त्याने पुडी नाकाशी नेली, चित्र पाहिलं, मला पाहिलं, माझ्या गालांकडे पाहिलं. तसाच आत पळाला. नर्सला काहीतरी ओरडून सांगितलं. शिरेतून औषध दिलं.

सुपी माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “डॉक्टरांनी मला तीन वेळा विचारलं, आणखी काय घेत होते. मी तिन्ही वेळा म्हटलं, यूचा जामू, त्यात काही वाईट नसतं. तीन वेळा म्हटलं मी.”

मी तिचे पाय धरायला वाकले. ती मागे सरकली.

चार वाजता गिमानचा दाब वर आला. साडेचारला त्याने पाणी मागितलं. मला हे बाहेरच्या बाकावर एका झाडूवालीने सांगितलं. सुपी बाहेर आली नाही.

शुक्रवार, पाहिंग. १९ ऑक्टोबर

तितिसला दोन्ही वह्या नेऊन दिल्या. ही सुद्धा. तिने माझ्यासमोर बसून वाचली. सहाच्या जागी तीन लिहिलं होतं तिथे थांबली, पुढे पुलावरच्या कर्र आवाजापाशी पुन्हा थांबली. मला वाटलं चिडेल. तिचे डोळे भरून आले होते.

“एका पायावर, भरलेली टोपली घेऊन, मी करायला लावलं तुम्हाला,” म्हणाली. “मी.”

“मी खोटं लिहिलं म्हणून.”

“हो. खोटं लिहिलंत म्हणून.” ती गोड बोलली नाही, ते मला बरं वाटलं.

केंद्रातल्या डॉक्टरने मला गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करत न्यायच्या. दोर तुटलेला नाही, पण यंत्रावर पाहिलं तर एका जागी धागे विरलेत. सगळे व्यायाम बंद. आता खुर्चीवर बसून नुसती टाच उचलायची, बाळाने शिकावं तशी. बारा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, पॉन. २५ ऑक्टोबर

गेल्या शनिवारपासून फिरून सहाहीजणांच्या घरी जाऊन आले. सांगितलं काय घातलं होतं आणि केंद्रात का जायला हवं. एकाच्या आईने माझ्यावर भांडं धुतलेलं पाणी फेकलं. एकजण हसला आणि म्हणाला, यू, मला तीच पुडी हवी, कुठे मिळते सांग. त्याच्यासमोर मी सगळ्यात जास्त वेळ बसले. तो नवा पोऱ्या दोन दिवस ओकत, गळून पडून होता, त्याला असिहने दुचाकीवर केंद्रात नेलं.

कास्मीकडेही गेले. तिने दार लावून घेतलं. दाराशी बसून मी आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, एकदम सोडू नकोस, डॉक्टरकडे जा. आतून म्हणाली, “पोटावर पाय दिलास माझ्या.” पण परवा ती केंद्राच्या रांगेत दिसली, पदराने तोंड झाकून.

रविवार, क्लिवॉन. ११ नोव्हेंबर

दुखणं परत आलंय, आणि चांगलं दणकून. पाच. तितिस म्हणाली, छान. आम्ही दोघी हसलो, मग मी रडलेही. आता दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर, भिंतीला धरून.

तीन बाटल्या घेऊन फेरीला जाते. लंगडते. लपवत नाही. अर्धी दारं बंद असतात. बाटिकवालीने, त्या तिसरीने, एक पेला घेतला.

सोमवार, पाहिंग. ३ डिसेंबर

गिमान घरी आल्याचं कळून पंधरा दिवस झाले. आज पाय त्याच्या घराच्या गल्लीत वळले.

तो दारातल्या बाकावर ऊन खात बसला होता. सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मला पाहिलं, पण नेहमीची हाक मारली नाही. मी टोपली उतरवली. सुपी दारात येऊन उभी राहिली, हातात झाडू.

“यू,” तो म्हणाला, “तांदळाचा दे.”

मी पेला विसळला, ओतला, दोन्ही हातांनी पुढे केला. त्याने घेतला नाही. पेल्याकडे पाहत विचारलं, “यात काय आहे?”

सत्तावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी एकेक सांगितलं. तांदूळ, रात्रभर भिजवलेले. केंचुर. आलं. ताडगूळ. चिंच. मीठ.

“आणखी?”

“पाणी. उकळलेलं.”

“आणखी?”

“काही नाही, पाक.”

त्याने सुपीकडे पाहिलं. सुपीने झाडू भिंतीला टेकवला, पुढे येऊन माझ्या हातातला पेला घेतला, वास घेतला, आणि परत माझ्याच हातात दिला.

“आधी तू,” म्हणाली.

मी उभ्या उभ्या सगळा प्यायले. दोघं बघत होती. पेला रिकामा करून मी पुन्हा विसळला आणि बाटलीला हात घातला, तर गिमान म्हणाला, “आज नको.”

मी टोपली उचलली. टाच कळवळली, तशीच पाठीवर बांधली. चार पावलं गेले असेन, मागून सुपीचा आवाज आला.

“उद्याही असंच करायचं. आमच्यासमोर.”

“हो,” म्हटलं, “येते उद्या.”